वार्तेचा अन्वयार्थ

(नंदुरबार येथे महाविद्यालयीन विद्यार्थी आणि प्राध्यापक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



हुतात्मा शिरीषकुमार आणि त्यांच्या बालसहकाऱ्यांनी ९ सप्टेंबर १९४२ रोजी ज्या नगरीत प्राणार्पण केले, त्या नंदुरबारमध्ये राष्ट्ररक्षणाचा विषय निघाला की डोळ्यांसमोर प्रथम उभे राहते ते धैर्य आणि बलिदान. आजचा विषय राष्ट्ररक्षणाचाच आहे. मात्र त्यातील नायक कागदांच्या ढिगापुढे बसलेला असतो. त्याच्या हाती शस्त्र नसते, त्याचे नाव कोठे छापून येत नाही आणि त्याचे काम बिनचूक झाले तर काही घडतच नाही. या कामाला 'गुप्तवार्ता विश्लेषण' म्हणतात. ही एक विद्या आहे, ती शिकता येते, शिकवता येते आणि काही प्राध्यापकांनी आपले उभे आयुष्य तिच्यासाठी वेचले आहे. त्या विद्येची आणि त्या आयुष्याची ओळख करून देणे, हा या व्याख्यानाचा हेतू.

नवापूरचा धडा

विषय परका वाटू नये म्हणून प्रारंभ घरापासूनच करणे योग्य. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूर परिसरातील कुक्कुटपालन केंद्रांमध्ये कोंबड्या पटापट मरू लागल्या. कोंबड्यांची मर नवापूरला नवी नव्हती. 'रानीखेत' हा रोग सर्वांच्या ओळखीचा होता आणि ही मरही प्रथम त्याच खात्यावर मांडली गेली. पुढे नमुने भोपाळच्या उच्चसुरक्षा प्रयोगशाळेत तपासले गेले आणि १८ फेब्रुवारी २००६ रोजी जाहीर झाले की हा बर्ड फ्लू आहे. भारतातील ही पहिलीच नोंद होती. लक्षावधी कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. ज्यांनी कर्ज काढून शेड उभ्या केल्या होत्या त्या कुटुंबांवर काय प्रसंग ओढवला, हे या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको.

येथे वार्तेचा तुटवडा नव्हता. कोंबड्या मरत होत्या, हे डोळ्यांना दिसत होते. प्रश्न होता तो दिसणाऱ्या गोष्टीचा अर्थ लावण्याचा. समोर आलेली खूण ओळखीच्या कारणात बसत असेल, तर अनोळखी कारणाचा विचार करायला मन तयार होत नाही. यात कोणाचा आळस नसतो आणि कोणाची लबाडीही नसते. तो मानवी बुद्धीचा स्वभावच आहे. या स्वभावाला शिस्त कशी लावायची, एवढा एकच प्रश्न गुप्तवार्ता विश्लेषणाच्या सर्व अभ्यासाच्या मुळाशी आहे. खूण कोंबड्यांच्या मरणाची असो, सीमेवरील पावलांची असो वा समुद्रात भरकटलेल्या नावेची असो, प्रश्न तोच.

हेर वार्ता आणतो. विश्लेषक तिचा अन्वय लावतो. राज्यकर्ता त्यावरून निर्णय घेतो. या तीन पायऱ्यांपैकी पहिलीवर कथा-कादंबऱ्या निघतात, तिसरीवर इतिहास लिहिला जातो. मधली पायरी दुर्लक्षित राहते आणि राष्ट्रे बहुधा तिच्यावरूनच घसरतात.

आपल्या परंपरेतील सूत्र

ही मधली पायरी भारताला अपरिचित नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या पहिल्याच अधिकरणात गूढपुरुषांची योजना सविस्तर सांगितली आहे. कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक आणि तापस या एका जागी राहून वार्ता गोळा करणाऱ्या पाच संस्था, तसेच सत्री, तीक्ष्ण, रसद आणि भिक्षुकी हे फिरते हेर. हा भाग बहुतेकांनी ऐकलेला असतो. याहून मोलाची गोष्ट पुढे येते. एका संस्थेच्या हेरांना दुसऱ्या संस्थेचा पत्ता असू नये, आणि परस्परांशी संबंध नसलेल्या तिघांचे म्हणणे जुळले तरच वार्ता विश्वासार्ह मानावी, असा दंडक तेथे घालून दिला आहे. ज्यांच्या वार्ता वारंवार जुळत नाहीत त्यांना दूर करावे, असेही सांगितले आहे. वार्तेची परीक्षा कशी करावी, याचा हा नियम आहे. आजच्या कोणत्याही देशातील विश्लेषकाला तो पहिल्या दिवशी शिकवावा लागतो.

अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या प्राच्यविद्या ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांच्या हाती आली आणि १९०९ मध्ये ग्रंथ छापला गेला. त्यापुढचे अत्यंत कष्टाचे काम एका मराठी प्राध्यापकाने केले. र. पं. कंगले यांनी उपलब्ध हस्तलिखिते ताडून पाहून संशोधित संहिता, इंग्रजी भाषांतर आणि विवेचन असे तीन खंड सिद्ध केले. मुंबई विद्यापीठाने ते १९६० ते १९६५ या काळात प्रकाशित केले. जगभरचे अभ्यासक आजही कौटिल्याकडे वळताना कंगल्यांचे खंड जवळ ठेवतात. एका शब्दासाठी अनेक पोथ्या ताडून पाहणारा पंडित आणि एका वार्तेसाठी अनेक सूत्रे ताडून पाहणारा विश्लेषक यांची वृत्ती एकच असते.

सुरतेचा रस्ता आणि यमुनेचा उतार

नंदुरबारकरांना सुरत–बऱ्हाणपूर हा जुना व्यापारी मार्ग ठाऊक आहे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याच्या १६७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात या मार्गावरील मुक्काम येतात. त्यांत नवापूर आहे, नंदुरबारही आहे. नवापूरला विणकरांची मोठी वस्ती असून तेथील तांदळाला कस्तुरीसारखा सुगंध असतो, अशी नोंद त्याने केली आहे. कोणता माल कोठे पिकतो, मुक्काम किती अंतरावर आहेत, जकात कोठे लागते, हे सारे त्या व्यापाऱ्याने उघडपणे पाहिले आणि छापून जगापुढे ठेवले. त्यात गुप्त असे काहीच नव्हते. तथापि ज्याला त्या वाटेने सैन्य न्यायचे असेल त्याच्यासाठी तेच पुस्तक अमोल ठरले असते. आजच्या भाषेत याला 'उघड स्रोत' म्हणतात.

याच मार्गाच्या पश्चिम टोकाला सुरत होती. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली. सुरतेची वार्ता आणणारा जासूद म्हणून बहिर्जीचे नाव सभासद बखरीत येते. बहिर्जींच्या वेषांतराच्या कथा सर्वांना पाठ असतात. परंतु नगरात संपत्ती अपार आहे, ही एकटी वार्ता स्वारीला पुरेशी नव्हती. नगराला तेव्हा तट नव्हता, किल्ल्यातील शिबंदी नगराचे रक्षण करण्यास असमर्थ होती, मोगलांची मदत येण्यास लागणारे दिवस मोजके असले तरी हाताशी होते. या सर्वांचा मेळ घातल्यावाचून इतक्या दूरची मोहीम आखली जात नाही. सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला आणि मराठे काम उरकून परतले. अन्वय अचूक होता म्हणून धाडस सफल झाले.

याच्या उलट बाजूचे उदाहरण मराठी मनाला आजही सलते. १७ ऑक्टोबर १७६० रोजी मराठ्यांनी कुंजपुरा जिंकला. यमुना पुराने भरलेली होती आणि अब्दाली पलीकडच्या तीरावर होता. नदी त्याला उतरू देणार नाही, या गृहीतकावर मराठी छावणी निर्धास्त राहिली. ऑक्टोबरच्या अखेरच्या आठवड्यात बागपताजवळ अब्दालीने उतार शोधला, हानी सोसली आणि सैन्य अलीकडे आणले. मराठ्यांचा दिल्लीकडचा रस्ता त्यामुळे तुटला. पुढचे अडीच महिने आणि १४ जानेवारी १७६१ चा दिवस यांचे बीज त्या गृहीतकात होते. 'आपण असा धोका पत्करणार नाही, म्हणून शत्रूही पत्करणार नाही' हा तर्क किती महाग पडतो, हे शिकवण्यासाठी परदेशी उदाहरण शोधण्याची गरज नाही.

पानिपतचा हा अभ्यास शक्य झाला तो वि. का. राजवाडे यांच्यामुळे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. तो याच काळातील पत्रांचा आहे. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील त्र्यं. शं. शेजवलकर यांनी पानिपतवर इंग्रजीत आणि नंतर मराठीत ग्रंथ लिहिला. पत्र कोणी लिहिले, कोठून लिहिले, लिहिणाऱ्याने ते स्वतः पाहिले की ऐकले, त्यात त्याचा स्वार्थ कोणता, ही राजवाडे-शेजवलकरांची प्रश्नावली. वकिलाच्या पत्रातील बातमी आणि बाजारगप्प यांत फरक करण्याची ही कसोटी विश्लेषकाच्या शिक्षणाचा पाया ठरावी अशी आहे.

इतिहासाचा एक प्राध्यापक

हा पाया ओळखून त्यावर स्वतंत्र विद्या उभारण्याचे श्रेय ज्याला दिले जाते, तोही इतिहासाचाच प्राध्यापक होता. शर्मन केंट हे त्याचे नाव. १९०३ मध्ये जन्मलेला केंट अमेरिकेतील येल विद्यापीठात युरोपचा इतिहास शिकवीत असे. विद्यार्थ्यांनी इतिहास कसा लिहावा, यासाठी त्याने एक छोटे मार्गदर्शक पुस्तकही लिहिले होते. ते १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी युद्धाच्या सावटात अमेरिकेने एक नवे वार्तासंकलन कार्यालय स्थापन केले आणि त्याच्या संशोधन शाखेसाठी विद्यापीठांतून इतिहासकार, भूगोलतज्ज्ञ, अर्थतज्ज्ञ गोळा केले. केंट तेथे गेला. आफ्रिकेचा विभाग त्याच्याकडे आला. १९४२ च्या नोव्हेंबरमध्ये मित्रराष्ट्रांच्या फौजा उत्तर आफ्रिकेत उतरल्या, त्यापूर्वी तेथील बंदरे, लोहमार्ग आणि लोकस्थिती यांचे तपशीलवार अहवाल या प्राध्यापक मंडळींनी तयार केले होते. त्यांचा बराचसा आधार ग्रंथालये आणि उघड साधने हाच होता.

युद्ध संपल्यावर केंटने अनुभवाचे शास्त्र केले. १९४९ मध्ये त्याचा ग्रंथ आला. गुप्तवार्ता म्हणजे एक प्रकारचे ज्ञान, ते निर्माण करणारी संघटना आणि ते मिळवण्याची क्रिया, अशी तिहेरी मांडणी त्याने केली. १९५२ ते १९६७ अशी पंधरा वर्षे तो अमेरिकेच्या राष्ट्रीय अनुमान कार्यालयाचा प्रमुख होता. मात्र त्याच्यातील शिक्षक गप्प बसला नाही. वैद्यकाला, कायद्याला स्वतःचे वाङ्मय असते. मग या व्यवसायाला का नसावे, असा प्रश्न त्याने केला. त्यातून १९५५ मध्ये एक नियतकालिक सुरू झाले. ज्या व्यवसायाचे सारे कागद कुलपात राहतात त्यात अनुभव माणसाबरोबर निवृत्त होतो आणि नवा माणूस जुनीच चूक नव्याने करतो, हे त्याने ओळखले होते.

त्याची एक गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानी ठेवावी अशी आहे. १९५१ मध्ये युगोस्लाव्हियावर आक्रमण होण्याची 'गंभीर शक्यता' आहे, असा शब्दप्रयोग त्याच्या कार्यालयाने एका अहवालात केला. एका वरिष्ठ अधिकाऱ्याने सहज विचारले, म्हणजे नेमकी किती? केंटने सांगितले, शंभरात पासष्ट. तो अधिकारी चकित झाला, कारण त्याने ती फारच कमी धरली होती. अस्वस्थ होऊन केंटने त्या अहवालावर एकमताने सह्या करणाऱ्या आपल्याच सहकाऱ्यांना तो प्रश्न केला. कोणाच्या मनात शंभरात वीस होते, कोणाच्या मनात ऐंशी! शब्द एक, अर्थ माणसागणिक वेगळा. मग त्याने शब्दांना आकडे नेमून दिले. 'जवळजवळ निश्चित' म्हणजे त्र्याण्णवच्या आसपास, 'संभवनीय' म्हणजे पंचाहत्तरच्या आसपास, 'समसमान' म्हणजे पन्नास. सहकाऱ्यांतील काहींना ही कोष्टकबाजी रुचली नाही. केंटने त्यांचे गमतीने दोन पक्ष केले, एक कवींचा आणि दुसरा गणितज्ञांचा. आपल्याकडील सरकारी पत्रांत 'दक्षता घ्यावी', 'शक्यता नाकारता येत नाही' हे शब्द किती सैलपणे वावरतात, हे आठवले की केंटचा आग्रह पटतो.

असा हा आचार्यही चुकला. १९६२ च्या सप्टेंबरमध्ये त्याच्या कार्यालयाने अनुमान केले की सोव्हिएत रशिया क्युबात अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे ठेवण्याचे साहस करणार नाही. १४ ऑक्टोबरला विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत ती दिसली. यमुनेच्या तीरावरचा तर्क दोन शतकांनी पुन्हा तसाच फसला. केंटचे मोठेपण असे की त्याने १९६४ मध्ये या चुकीवर स्वतः लेख लिहिला. त्यात स्वतःचे समर्थनही आहे आणि त्यावर पुढील अभ्यासकांनी टीकाही केली. तरीही चुकीची उघड चिकित्सा करण्याची प्रथा त्यातून रुजली. २००० मध्ये त्या देशाने विश्लेषकांसाठी शिक्षणसंस्था काढली तेव्हा तिला केंटचेच नाव दिले.

विद्या कशी घडली

केंटनंतर या विषयाला दोन महत्त्वाचे ग्रंथ मिळाले. रॉबर्टा व्होलस्टेटर या विदुषीने १९६२ मध्ये पर्ल हार्बरच्या हल्ल्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. इशारे आले नव्हते असे नाही. ते कोलाहलात मिसळून गेले होते, असा तिचा निष्कर्ष. घटना घडून गेल्यावर इशारा ठळक दिसतो. घडण्यापूर्वी तो शेकडो निरर्थक आवाजांतील एक आवाज असतो. दुसरा ग्रंथ रिचर्ड्स ह्यूअर याचा, १९९९ मधला. विश्लेषकाचे मन त्याला कसे फसवते, हा त्याचा विषय. त्याची पद्धत सोपी आहे. प्रथम सर्व संभाव्य कारणे ओळीने मांडावीत. मग प्रत्येक पुरावा प्रत्येक कारणासमोर ठेवावा. जो पुरावा सर्वच कारणांना अनुकूल आहे तो कितीही ठळक असला तरी निरुपयोगी समजावा. आवडत्या कारणाला पोषक काय, हे शोधण्यापेक्षा प्रत्येक कारण खोडून काढणारे काय, हे शोधावे.

नवापूरला ही पद्धत लावून पाहावी. कोंबड्यांची मोठी मर ही खूण रानीखेत आणि बर्ड फ्लू या दोन्ही कारणांत बसते. म्हणजे ती खूण निवाडा करू शकत नाही. निवाडा प्रयोगशाळेतील चाचणी करू शकते. म्हणून चाचणी किती लवकर झाली, हाच एकमेव कळीचा प्रश्न उरतो. २०२१ च्या फेब्रुवारीत हा रोग नवापुरात पुन्हा आढळला, तेव्हा त्याचे नाव परके राहिले नव्हते.

विद्यापीठांत हा विषय स्वतंत्र अभ्यासक्रम म्हणून येण्यास वेळ लागला. अमेरिकेतील मर्सीहर्स्ट या लहानशा महाविद्यालयात रॉबर्ट हायबेल या निवृत्त अधिकाऱ्याने १९९२ मध्ये विश्लेषकांसाठी अभ्यासक्रम सुरू केला. तेव्हा तो अपवाद होता. २००१ चा न्यूयॉर्कवरील हल्ला आणि २००२ चे इराकी शस्त्रास्त्रांविषयीचे चुकीचे अनुमान यांनंतर तेथे अशा अभ्यासक्रमांची संख्या झपाट्याने वाढली. आपत्तीने विद्येला आश्रय मिळवून दिला.

आपल्या देशाची वाट

भारतातील या प्रवासाच्या आरंभी एक मराठी नाव आहे. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर संरक्षणमंत्रिपदी आलेल्या यशवंतराव चव्हाण यांच्या पुढाकाराने ११ नोव्हेंबर १९६५ रोजी दिल्लीत संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्था स्थापन झाली. संरक्षणाचा विचार केवळ गणवेशधारी आणि सचिवालय यांच्यापुरता राहू नये, अभ्यासकांनीही तो करावा, ही त्यामागील दृष्टी. २०२० मध्ये या संस्थेला गोव्याचे सुपुत्र आणि माजी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांचे नाव देण्याचा निर्णय झाला. आरंभीही मराठी दृष्टी आणि नावातही मराठी स्मृती, हा योग लक्षणीय आहे.

या संस्थेला आकार दिला तो के. सुब्रह्मण्यम यांनी. प्रशासकीय सेवेतील हे अधिकारी दोन वेळा तिचे संचालक झाले. गुप्तवार्तांचे मूल्यमापन करणाऱ्या संयुक्त समितीचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. अधिकारी, अभ्यासक आणि लेखक या तिन्ही भूमिका एका माणसात एकवटल्या. १९९९ मध्ये कारगिलची घुसखोरी झाली. तिची पहिली खबर ३ मे रोजी मेंढपाळांनी दिली, हे सर्वविदित आहे. त्यानंतर नेमलेल्या कारगिल पुनरावलोकन समितीचे अध्यक्ष सुब्रह्मण्यमच होते. अहवाल २००० च्या फेब्रुवारीत संसदेपुढे आला. वार्ता गोळा करणाऱ्या यंत्रणांत समन्वयाची पक्की रीत नाही आणि मूल्यमापनाच्या कामाला मिळावे ते महत्त्व मिळत नाही, हे त्यातून देशाला कळले. २००२ मध्ये संरक्षण गुप्तवार्ता संस्था उभी राहिली, पुढे तांत्रिक संशोधनाची स्वतंत्र संघटनाही झाली.

तरीही २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र उगवली. त्यानंतर महाराष्ट्र शासनाने राम प्रधान यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिचे दुसरे सदस्य होते वप्पाला बालचंद्रन. महाराष्ट्र पोलीस सेवेतून ते केंद्रीय गुप्तवार्ता यंत्रणेत गेले होते. ऑगस्ट २००६ पासूनच्या इशाऱ्यांची समितीने मोजदाद केली. सागरी मार्गाने हल्ल्याच्या शक्यतेचे सहा, एकाच वेळी अनेक ठिकाणी हल्ल्याच्या शक्यतेचे अकरा आणि कमांडो पद्धतीच्या हल्ल्याचे तीन इशारे आले होते. हे सारे कागद वेगवेगळ्या दिवशी आले आणि वेगवेगळ्या धारिकांत गेले. एका टेबलावर ओळीने मांडले असते तर त्यांतून एक चित्र उभे राहिले असते. अर्थात व्होलस्टेटर म्हणते त्याप्रमाणे हे नंतर म्हणणे सोपे आहे. म्हणूनच ते आधी म्हणू शकणारी माणसे घडवावी लागतात, आणि ती आपोआप घडत नाहीत.

बालचंद्रन यांनी निवृत्तीनंतर २०१४, २०१७ आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा आणि गुप्तवार्ता या विषयांवर ग्रंथ लिहिले. केंटने जी वाङ्मयाची मागणी केली होती ती आपल्याकडे अशा निवृत्त अधिकाऱ्यांनी काही अंशी पुरवली. विद्यापीठीय प्राध्यापकांनी ती पुढे न्यायची आहे.

या मार्गावरील काटे

हा विषय आयुष्याचा म्हणून निवडणाऱ्या प्राध्यापकापुढे तीन अडचणी असतात. पहिली, कागद बंद असतात. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला प्रयोगशाळा मिळते. याला मिळतात जुने चौकशी अहवाल, आत्मचरित्रे आणि दुसऱ्या देशांनी खुले केलेले दप्तर. दुसरी, यश दिसत नाही. टळलेल्या हल्ल्याची बातमी होत नाही, त्यामुळे अभ्यासाला उदाहरणे मिळतात ती अपयशांचीच. तिसरी अडचण स्थानाची. राज्यकर्त्याच्या फार जवळ गेले तर त्याला हवे तेच दिसू लागते, फार दूर राहिले तर आपले कोणी ऐकत नाही. केंटच्या काळापासून या अंतराचा वाद चालू आहे. त्याचे कायमचे उत्तर नाही; प्रत्येक पिढीला ते नव्याने शोधावे लागते.

या तिन्हींहून मोठी आहे ती विवेकाची कसोटी, आणि ती या भूमीत सांगणे अगत्याचे आहे. इंग्रजांनी १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल एजन्सी स्थापन केल्या, माहिती गोळा केली, पत्रके भरली. पुढे १८७१ च्या कायद्याने देशातील कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. कागदोपत्री ते माहितीचे शास्त्र होते. वस्तुतः तो पूर्वग्रह होता, त्याला आकड्यांचा पोशाख चढवला होता. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये तो कायदा रद्द केला. एका व्यक्तीच्या कृत्यावरून समूहाचा निवाडा करणे हा अन्याय तर आहेच, शिवाय ते वाईट विश्लेषणही आहे. कारण निवाडा आधीच झालेला असला की पुरावा पाहायला डोळे उरत नाहीत.

देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील टेंभली गावात दिले गेले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. नागरिकाची माहिती म्हणजे शत्रूची वार्ता नव्हे. या दोहोंमधील रेषा कोठे आखायची, हे ज्याला शिकवता येत नाही त्याने हा विषय शिकवू नये.

सातपुड्याच्या पायथ्याशी

आता प्रश्न उरतो तो नंदुरबारच्या विद्यार्थ्याचा. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याला मागास म्हणण्याची सवय बाहेरच्यांना जडली आहे. विश्लेषकाच्या दृष्टीने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेश येथे एकमेकांना भिडतात. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा तर अर्धा भाग एका राज्यात आणि अर्धा दुसऱ्यात आहे. येथील सामान्य घरातील मुलगी घरी मावची वा पावरी बोलते, बाजारात अहिराणी, शाळेत मराठी, नातलगांकडे गुजराती आणि पुस्तकात हिंदी-इंग्रजी वाचते. एकच गोष्ट चार भाषांत ऐकली की तिच्यातील काय बदलते आणि काय टिकते, हे तिला न शिकवता कळते. कोणत्याही देशाची विश्लेषण संस्था अशा कानाच्या शोधात असते. अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात पाऊलखुणेवरून जनावर ओळखणारा वृद्ध हाही अनुमानशास्त्राचा शिक्षकच आहे. कोणती खूण निवाडा करते आणि कोणती करत नाही, हे तो जाणतो.

वाटाही आहेत. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत संरक्षणशास्त्र शिकवले जाते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात त्याचा स्वतंत्र विभाग आहे. गुजरातमध्ये २००९ मध्ये स्थापन झालेल्या रक्षाशक्ती विद्यापीठाला २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय दर्जा मिळाला आणि ते नंदुरबारहून फार दूर नाही. जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ तर आपलेच आहे. इतिहास, भूगोल, संख्याशास्त्र, भाषा यांपैकी कोणत्याही दाराने या विद्येत शिरता येते. केंट इतिहासाच्या दाराने आला होता.

प्राध्यापक बंधूंसाठी एक सूचना. आपल्या वर्गात अशा अभ्यासाला आजच प्रारंभ करता येतो. त्यासाठी गुप्त कागद लागत नाहीत. २००६ च्या नवापूरची वृत्तपत्रे घ्यावीत, दिवसागणिक बातम्या मांडाव्यात आणि विद्यार्थ्यांना विचारावे, या दिवसापर्यंत एवढेच कळले होते. तुमचे अनुमान काय, शंभरात किती, आणि ते खोडून काढील असा पुरावा कोणता? उत्तर लिहून घ्यावे आणि मगच पुढचे पान उलटावे. अशा चार तासिका झाल्या तरी विद्यार्थ्याच्या बोलण्यातील 'असे असेलच' कमी होऊन 'असे असावे, कारण...' ऐकू येऊ लागेल.

खानदेशातील गावगाड्यात जागल्या असे. गाव झोपले असता तो जागा राही. कुत्रे भुंकले म्हणून त्याने गाव उठवले आणि काहीच निघाले नाही, तर लोक त्याला हसत; त्याने उठवले नाही आणि चोर आला, तर लोक त्याला बोल लावीत. कोणते भुंकणे कोल्ह्यासाठी आणि कोणते माणसासाठी, हे ओळखण्यावर त्याची पत ठरे. राष्ट्राच्या जागल्यांना हे ओळखायला शिकवणारा शिक्षक कोणाला दिसत नाही. परंतु गाव सुखाने झोपते त्यात त्याचाही वाटा असतो. असा शिक्षक आणि असे विद्यार्थी या जिल्ह्यातून पुढे यावेत, एवढीच अपेक्षा.